पॅनिक अटॅक आला तर काय करावं, आणि गोळी घ्यायची की नाही हे कसं ठरवावं

करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. मुंबईहून कणकवलीला येत होतो. संगमेश्वर मागे पडलं, गाडी बोगद्यात शिरली आणि माझ्या छातीत धडधड सुरू झाली. बोटांना मुंग्या आल्या, घशात गोळा अडकल्यासारखं झालं, हातपाय गार पडले आणि पाठीवरून घाम निथळायला लागला. नवऱ्याचा दंड धरून मी एवढंच म्हणाले, "माका कायतरी होताहा." आपण आता मरणार, याबद्दल त्या क्षणी मला जराही शंका नव्हती. रत्नागिरी स्टेशन आलं तोवर सगळं ओसरलंसुद्धा होतं.

दवाखान्यात ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. "काही नाही, टेन्शन घेऊ नका," असं सांगून मला घरी पाठवलं. हृदयाला काही झालेलं नव्हतं हे खरं, पण "काही नाही" हे खरं नव्हतं. त्याला पॅनिक अटॅक म्हणतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत, एवढं जरी त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तरी माझे पुढचे आठ महिने वाचले असते. त्या आठ महिन्यांत आधी रेल्वे सुटली, मग एसटी, मग देवगडचा बाजार. शेवटी घरामागच्या कलमांच्या बागेतही मी एकटी जाईना. तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या वाट्याला हे येऊ नये, म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

आधी हृदयाची खात्री करा

पहिल्यांदाच असं झालं असेल तर घरच्या घरी "घाबरलीय, दुसरं काय" असं ठरवू नका. छातीत दाबल्यासारखं, आवळल्यासारखं दुखतंय, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जातंय, घाटी चढताना किंवा ओझं उचलताना सुरू झालंय, पंधरा-वीस मिनिटांनीही कमी होत नाहीये, किंवा माणूस बेशुद्ध पडलाय, यांतलं काहीही असलं तर १०८ ला फोन लावा. मधुमेह, बीपी, तंबाखू-सिगारेट किंवा चाळिशीपुढचं वय असेल तर आणखी सावध राहा. बायकांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये हृदयविकार नुसती धाप आणि मळमळ घेऊनही येतो. शंका असेल तर हृदय समजूनच धावा. ईसीजी चांगला निघाला तर पैसे वाया गेले असं मानू नका.

नंतर सावकाश हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. वाढलेलं थायरॉइड, रक्त कमी असणं, साखर उतरणं किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडणं यांतही हुबेहूब अशीच धडधड होते. दम्याचा पंप जास्त वेळा ओढला तरी होते. दिवसाला सात-आठ कप चहा होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

ती दहा मिनिटं

अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला पोचतो आणि अर्ध्या तासात बहुतेक उतरतो. आत काय चाललेलं असतं हे कळलं की निम्मी भीती जाते. बिबट्या समोर आला तर शरीर जशी तयारी करेल, तशीच तयारी ते बिबट्या नसताना करतं. अॅड्रेनालिन सुटतं, हृदय पळायला लागतं आणि श्वास भराभर चालतो. भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मुंग्या, गरगरणं, आपण आपल्यातच नसल्यासारखं वाटणं हे बरंचसं त्यातून येतं. म्हणजे हवा कमी पडत नसते, ती गरजेपेक्षा जास्त आत-बाहेर होत असते. म्हणून "मोठ्ठा श्वास घे, मोठ्ठा" हा सगळे देतात तो सल्ला उलटा पडतो.

श्वास नाकानं घ्या, मोठा नको, साधाच, मनात चार आकडे मोजत. सोडताना सहा मोजा, दिवा न विझवता ज्योत फक्त हलवायची आहे इतक्या हळू. पाच मिनिटं हेच करत राहा. पहिल्या मिनिटाला काहीच फरक वाटणार नाही, तरी थांबू नका. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा प्रकार कुणी सुचवला तर करू नका. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो जिवावर बेतू शकतो.

श्वासाबरोबर शरीराला जागेवर आणा. पाय जमिनीला टेकवा आणि खालची फरशी गार आहे की कोमट ते बघा. मी अंगणातल्या चिऱ्याच्या गडग्यावर तळहात ठेवायचे आणि त्याची भोकं बोटानं चाचपायची. जांभा खरखरीत असतो, बोटाला लगेच कळतो. तुमच्याजवळ जे असेल ते धरा, मग ती पाण्याची बाटली असो की एसटीच्या सीटचा दांडा. मनात एक वाक्य ठेवा: "हा अटॅक आहे, हा उतरतो." वाक्य तुमच्या बोलीतलं असू दे, पुस्तकी नको.

जागा सुरक्षित असेल तर तिथून पळू नका. हे सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात उपयोगाचंही. पळालात की मेंदू शिकतो की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी तो लवकर घाबरतो. गाडी चालवत असाल तर मात्र बाजूला घेऊन थांबा, घाटात तर नक्कीच.

शेजारच्या माणसानं काय करावं

भोवती गर्दी करू नका. कांदा नाकाला लावू नका. "मनाला घट्ट कर" असं म्हणू नका, कारण त्या क्षणी मन घट्ट करणं हातात असतं तर तिनं ते केलं असतं. शेजारी बसा आणि आवाज खाली ठेवून आखूड बोला. "मी हंयच आसंय" एवढं पुरतं. मग तिच्यासमोर स्वतः हळू श्वास घ्या, तो बघून तिचाही लागतो. सासूबाईंनी माझ्यासाठी देवाला गाऱ्हाणं घातलं होतं आणि मला त्यानं खरोखर धीर आला. गाऱ्हाणं जरूर घाला, फक्त त्या नादात डॉक्टरांची तारीख चुकवू नका.

दुसऱ्या दिवसापासून

एखाददुसरा अटॅक पुष्कळांना येतो आणि विषय तिथेच संपतो. पण पुन्हा येईल म्हणून महिनाभर धास्ती राहिली, जागा टाळायला सुरुवात झाली, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात आणि उपचार घ्यायला हवेत. वहीत नोंद ठेवा: कधी आला, कुठे, आधी काय खाल्लं-प्यायलं, किती वेळ टिकला. माझ्या वहीत तिसऱ्या आठवड्यात दिसलं की बहुतेक अटॅक रात्रभर आंब्याच्या पेट्या भरल्यावर, उपाशीपोटी चहावर चहा झाल्यावर आलेले होते. दारू घेणाऱ्यांनी तर नोंद ठेवाच. रात्री शांत वाटतं, पण ती उतरताना सकाळी धडधड वाढते.

यावरचा गोळीशिवायचा उपचार म्हणजे सीबीटी, विचार आणि वागणं बदलायची शिस्तशीर पद्धत, साधारण दहा-बारा बैठकांची. तिचा परिणाम औषधाच्या तोडीचा असतो आणि नंतरही टिकतो. त्यात टाळलेल्या गोष्टी पायरीपायरीनं पुन्हा करायच्या असतात. माझ्या पायऱ्या अशा होत्या: नुसतं स्टेशनवर जाऊन गाडी बघून परत येणं, मग नवऱ्याबरोबर एक स्टेशन, मग एकटीनं एक स्टेशन, आणि सगळ्यात शेवटी करबुडे. प्रत्येक पायरीवर भीती चढून आपोआप उतरेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे जायचं. मला साडेतीन महिने लागले.

गावात मानसतज्ज्ञ नाही ही अडचण खरी आहे. पण १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. ओरोसला सिंधुदुर्गचं जिल्हा रुग्णालय आहे. रत्नागिरीला जिल्हा रुग्णालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय दोन्ही आहेत. मनोरुग्णालयाच्या नावानं दचकू नका. बाह्यरुग्ण विभागात दाखवून माणसं त्याच दिवशी घरी जातात.

गोळ्यांचं

माझी पहिली गोळी डॉक्टरांनी दिलेली नव्हती. शेजारच्या काकींनी मायेनं दिली होती, "अर्धीच घे गो, मला यानं झोप लागते" म्हणत. पट्टी कात्रीनं कापलेली होती. चांदीवर औषधाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं उरली होती, तारीख गेलेली होती. वीस मिनिटांत मला एवढं शांत वाटलं की पुढच्या आठवड्यात मी स्वतःच मागायला गेले. त्यानंतर दर चार-पाच दिवसांनी जात राहिले.

हे कळकळीनं सांगते: पॅनिकच्या गोळ्या मुख्यतः दोन जातीच्या असतात आणि त्यांची कामं वेगळी आहेत.

एक जात आग विझवणारी: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम. अर्ध्या-एक तासात गुण येतो. पण रोज घेतल्या तर काही आठवड्यांत शरीराला सवय लागते, तीच मात्रा पुरेनाशी होते, आणि एकदम बंद केल्या तर घबराट दुपटीनं परत येते, कधी फिटसुद्धा येते. म्हणून या सहसा दोन ते चार आठवड्यांसाठी किंवा अगदी अडीअडचणीला देतात. यांच्यावर दारू घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. यांनी पेंग येते, त्यामुळे रात्री होडीवर जाणाऱ्यानं, घाटात ट्रक किंवा दुचाकी चालवणाऱ्यानं डॉक्टरांना आपलं काम आधी सांगायलाच हवं. म्हाताऱ्या माणसांना यांनी तोल जाऊन पडायची भीती असते. काकींची गोळी याच जातीची होती. तुम्ही अशी गोळी महिनोन्‌महिने घेत असाल तर हे वाचून उद्यापासून बंद करू नका. डॉक्टरांच्या हातानं हळूहळू कमी करा.

दुसरी जात आग लागूच नये म्हणून: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, किंवा व्हेनलाफॅक्सिन. या रोज घ्यायच्या असतात, अटॅक आला म्हणून नाही. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला दोन-तीन महिने. पहिले आठ-दहा दिवस कधी उलट घबराट वाढते, मळमळते, डोकं दुखतं, झोप बिघडते. बरेच जण इथेच गोळी सोडतात आणि "मला सोसली नाही" म्हणतात. म्हणूनच सुरुवात लहान मात्रेनं करतात, एस्सिटालोप्राम बहुधा ५ मिलिग्रॅम, सर्ट्रालिन २५. गरज पडली तर या दिवसांपुरती पहिल्या जातीची गोळी जोडीला देतात. शरीरसंबंधांची इच्छा कमी होणं हाही परिणाम असतो. तो लाजेनं कुणी सांगत नाही आणि गोळी गुपचूप बंद होते. सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येतं. पंचविशीच्या आतल्या मुलांकडे पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावं. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. या गोळ्यांची चटक लागत नाही, पण एकदम थांबवल्या तर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं.

प्रोप्रॅनोलॉल नावाची तिसरी गोळीही मिळते. ती धडधड आणि थरथर आवरते, पॅनिकच्या मुळावर तिचा फारसा उपयोग नाही. दमेकऱ्यांनी ती घेऊ नये. मधुमेह्यांमध्ये ती साखर उतरल्याची धडधड झाकून टाकते.

मग घ्यायची का? माझं मत असं. अटॅक क्वचित येत असतील, कामधंदा नीट चालू असेल, तर आधी सीबीटी आणि झोप-चहा-दारूची शिस्त करून बघा. अटॅक आठवड्याला येत असतील, घराबाहेर पडणं थांबलं असेल, किंवा जोडीला उदासी असेल, तर दुसऱ्या जातीच्या गोळीला नाही म्हणू नका. सीबीटी देणारं जवळ कुणी नसेल तर तेही गोळीच्या बाजूचं कारण आहे. दोन्ही एकत्र चालतात. मी तसंच केलं.

डॉक्टरांकडे जाताना वही न्या आणि विचारा: ही कुठल्या जातीची, गुण कधी, किती महिने, बंद कशी करायची, एक दिवस चुकली तर काय? तुम्हीही सांगा: गरोदर आहात का, अंगावर पाजताय का, रक्त पातळ करणारी किंवा सांधेदुखीची गोळी चालू आहे का, वैद्यांचं काही चालू आहे का, आणि घरात कुणाला कधी अति उत्साहाचे, झोपेविना धावण्याचे झटके येऊन गेलेत का. हा शेवटचा प्रश्न डॉक्टर घाईत विसरू शकतात आणि त्याच्या उत्तरावर औषध बदलतं. गरोदरपण म्हणजे गोळी बंदच असं नसतं, पण निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यावा. जनऔषधी केंद्रात हीच औषधं स्वस्त मिळतात का ते चिठ्ठी घेऊन विचारा.

आपल्याकडे आणखी एक काम असतं. पावसात दरड कोसळली, रस्ता बंद झाला की मेडिकलात औषध येत नाही. जूनपासून दोन आठवड्यांची रोजची गोळी घरात जास्तीची ठेवा, कोरड्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. गणपतीत पाहुणे, जागरण आणि प्रसाद यांच्या धांदलीत गोळी चुकते. मी ती देवघरातल्या निरांजनाशेजारी ठेवायचे, म्हणजे संध्याकाळी दिवा लावताना आठवायची.

बरं वाटायला लागल्यावर साधारण वर्षभर गोळी चालू ठेवतात, मग कमी करतात. ती कमी करायला आंब्याचा हंगाम, लग्नसराई किंवा गणपती निवडू नका. माझी भात झोडून झाल्यावर, दिवाळी उरकल्यावर उतरवायला घेतली: १० ची ५ झाली, सहा आठवड्यांनी ५ ची एकाआड एक दिवस अडीच. त्या एकाआड दिवसांत मला चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी पुन्हा रोज अडीच केली आणि आणखी एक महिना थांबवलं. शिमग्याच्या पालखीला मी गर्दीत उभी होते तेव्हा ती पूर्ण बंद होऊन बारा दिवस झाले होते.