एटीव्हीचा क्लच खोलायचं टूल घरीच बनवा (गॅरेज लाइनमध्ये नवीन आलेल्यांसाठी)

आयटीआय झालंय किंवा चालू आहे, ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत गॅरेजला लागलाय आणि दिवसभर नुसतं ऑइल चेंज आणि ब्रेक शू, अशा पोरांसाठी लिहितोय. मी वागळे इस्टेटला काम शिकलो, आता एटीव्ही, म्हणजे जाड टायरच्या चारचाकी क्वाड बाइक, पण करतो. कर्जत, मुरबाड, अलिबागकडच्या रिसॉर्टवाल्यांच्या गाड्या टेम्पोत टाकून येतात. हे काम करणारे कमी आहेत कारण क्लचची स्प्रिंग बघून बरेच जण हात लावत नाहीत.

बऱ्याच एटीव्हीत सीव्हीटी असते, म्हणजे गिअर हाताने बदलावे लागत नाहीत, स्कूटरसारखंच, पुढे पुली, मागे पुली, मध्ये बेल्ट. खरा फरक स्प्रिंगच्या ताकदीत. पुढच्या क्लचच्या स्प्रिंगला १२०/३४० असा आकडा असला तर सुरुवातीलाच १२० पाउंड म्हणजे ५४ किलोचा दाब, आणि पूर्ण दबल्यावर ३४० पाउंड, १५४ किलो. स्कूटरच्या गॅरेजला एक जण गुडघा देऊन क्लच दाबतो नि दुसरा ३९ चा नट काढतो, तो प्रकार इथे करायचा नाही, तोंडावर येईल.

टूल साधंच आहे. १६ एमएमचा फुल थ्रेडचा रॉड फूटभर, पण आधी क्लचच्या मधल्या भोकातून तो आरामात जातो का बघा, नसेल जात तर १२ चा घ्या. क्लचच्या खाली ८ एमएमची लोखंडी पट्टी, मध्ये भोक, बाहेरून दोन नट एकमेकांवर आवळून लॉक, वेल्डिंगची गरज नाही. क्लचच्या वर पाईपचा तुकडा, त्यावर तशीच पट्टी आणि मग दाब देणारा नट. नटाखाली ५११०३ नंबरचं थ्रस्ट बेअरिंग (वरून येणारा दाब घेणारं) टाका, भोक १७ एमएम असतं, १६ च्या रॉडवर बरोबर बसतं, ग्रीस लावलं की नट लोण्यासारखा फिरतो.

डोकं लावायचं ते पाईपला. मागच्या क्लचला स्प्रिंगवर टोपीसारखी प्लेट असते आणि ती सर्क्लिपने (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) अडकवलेली असते, पाईप बसवायचा त्या प्लेटवर. पण मग सर्क्लिपला हात कसा पोचणार? म्हणून पाईपच्या खालच्या टोकाला ग्राइंडरने खिडकी कापायची, सर्क्लिप प्लायरचं तोंड आत जाऊन उघडेल एवढी रुंद, आणि कडा कानसने घासून घ्यायच्या. पाईपची दोन्ही तोंडं काटकोनात हवीत, लेथवाल्याकडून फेस मारून, म्हणजे तोंड सपाट करून, घेतलेलं बरं, तिरका दाब आला की आतला बुश अडकतो.

आता काम. मार्करने सगळ्या भागांवर एका रेषेत खूण करा, परत त्याच जागी बसलं नाही तर बॅलन्स जातो आणि गाडी थरथरते. नट आवळा, प्लेट जरा खाली गेली की सर्क्लिप मोकळी होते, ती काढा. मग नट हळूहळू सोडा. १६ च्या रॉडला एका फेऱ्यात २ एमएम, त्यामुळे घाई होतच नाही, फक्त इम्पॅक्ट गन लावू नका. आमचे उस्ताद इथे ओरडायचे, “अरे तोंड बाजूला घे, स्प्रिंग काय तुझी मावशी आहे?” मागची स्प्रिंग बहुतेक वेळा नुसती दाबलेली नसते, पिळलेली पण असते, म्हणून सोडताना पुली एका हाताने धरा, ती गर्रकन फिरते. स्प्रिंगचं टोक कुठल्या भोकात होतं त्याचा फोटो काढून ठेवा. जास्त पीळ दिला की गाडी वरच्या रेशोत (वरच्या गिअरसारखं) उशिरा जाते, चढाला जोर चांगला मिळतो, कमी दिला की उलटं, आणि गिऱ्हाईक बरोबर पकडतं की गाडी आधीसारखी चालत नाहीये.

खोलल्यावर बेल्टची काळी पावडर निघते, ती हवा मारून आणि ब्रेक क्लीनरने साफ करा, मास्क लावून. पुलीच्या तोंडाला ग्रीस अजिबात नको, बेल्ट घसरतो.

एटीव्ही मिळेपर्यंत भंगारवाल्याकडून स्कूटरचा जुना मागचा क्लच आणा आणि त्यावर हात साफ करा. त्याला नटाच्या बाहेरून बसेल असा रुंद पाईप वेगळा कापावा लागेल, नट दाब द्यायच्या आधीच पान्याने थोडा सैल करायचा, मग दाब दिला की खिडकीतून बोटाने निघतो. हे दोनतीनदा नीट जमलं की मालकाला टूल दाखवा आणि यापुढे येईल तो क्लच मी खोलतो म्हणून सांगा.