मराठी भाषक विद्यार्थ्यांची जर्मन : संयुक्त संशोधनाच्या करारापूर्वीची तयारी

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, माक्स म्युलर भवन आणि मुंबईत विद्यापीठाचा जर्मन विभाग, असे जर्मन शिकवणारे अनुभवी हात महाराष्ट्रात आहेत. अशा दोन-तीन संस्थांनी जर्मनीतील एखाद्या विद्यापीठाबरोबर संशोधन करायचे ठरवले, तर सामंजस्य करारावर सह्या होण्याआधी काही कामे हातावेगळी झालेली असावीत.

सर्वांत आधी संशोधनाचा प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा आणि तो सर्व सहभागी संस्थांनी मान्य करावा. ‘जर्मन अध्यापनातील अडचणी’ हा विषय झाला. ‘मराठी भाषक विद्यार्थी जर्मन नामांचे लिंग कशाच्या आधारे ठरवतात’ हा प्रश्न झाला. दोन्ही भाषांत तीन लिंगे आहेत, पण ती जुळत नाहीत : आपले ‘दार’ नपुंसकलिंगी, ‘दरवाजा’ पुल्लिंगी, तर जर्मन ‘ट्यूर’ स्त्रीलिंगी. त्यातच विद्यार्थ्याला दोन लिंगांची हिंदी येत असते आणि इंग्रजीत तर नामांना असे व्याकरणिक लिंगच नाही. म्हणून प्रश्नावलीत घरची भाषा, शाळेचे माध्यम, हिंदी किती वर्षे शिकली आणि आणखी कोणत्या भाषा येतात हे सारे विचारावे. ‘मातृभाषा : मराठी’ एवढ्या एका रकान्यावर भागवू नये.

चुकांची नोंद कशी करायची याची नियमपुस्तिका विद्यार्थ्यांचे जर्मन निबंध गोळा करण्यापूर्वी तयार हवी, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. समजा, विद्यार्थ्याने ‘दार उघडतो’ या अर्थी ‘इश ओफ्ने देर ट्यूर’ असे लिहिले; बरोबर रूप ‘दी ट्यूर’. नामाआधी येणारे ‘देर’ हे उपपद पुल्लिंगी प्रथमेचे रूप आहे, तसेच स्त्रीलिंगी चतुर्थीचेही आहे. म्हणजे विद्यार्थ्याचे लिंग चुकले, की लिंग बरोबर असून विभक्ती चुकली, हे या एका वाक्यावरून ठरत नाही. पुण्यातील शिक्षिका याला लिंगाची चूक म्हणतील आणि जर्मनीतील सहकारी विभक्तीची, आणि मग दोघांचे आकडे एकत्र करण्यात काही अर्थ उरणार नाही. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ‘फाल्को’ या विद्यार्थी-लेखनसंग्रहात मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवून त्याचे दुरुस्त रूप वेगळ्या स्तरावर नोंदवले जाते. ती पद्धत स्वीकारावी, आणि संदिग्ध वाक्यांना ‘संदिग्ध’ अशी स्वतंत्र खूण ठेवावी. काही निबंध दोन शिक्षकांनी एकमेकांना न विचारता तपासावेत आणि त्यांचे मत कितपत जुळते हे कोहेनच्या कॅपा गुणांकाने, म्हणजे योगायोगाने जुळणारा भाग वगळून, मोजावे. हस्तलिखित संगणकावर उतरवताना खोडलेला शब्दही जपावा, कारण आधी ‘दास’ हे नपुंसकलिंगी उपपद लिहून ते खोडून ‘दी’ लिहिणाऱ्याच्या मनातला गोंधळ त्या खोडण्यातच दिसतो.

विद्यार्थ्यांची पातळी २००१ च्या युरोपीय संदर्भचौकटीनुसार (भाषेच्या ए१ ते सी२ अशा पातळ्यांनुसार) सांगावी, पण एका संस्थेचे ‘ए२’ दुसरीचेही तेच असेल असे गृहीत न धरता सर्वांची एकच चाचणी घ्यावी.

संमतिपत्र मराठीत आणि सोप्या भाषेत असावे, व नकार दिल्याने गुणांवर परिणाम होणार नाही हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. विद्यार्थी १८ वर्षांखालील असेल तर पालकांचीही संमती घ्यावी, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्याला बालक मानले आहे. जर्मन बाजूस युरोपीय संघाचे २०१८ पासून लागू असलेले माहिती संरक्षणाचे नियम पाळावे लागतात, त्यामुळे नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरावेत आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी कोणाकडे राहील हे आधीच ठरवावे.

वेळापत्रक शेजारी-शेजारी मांडून पाहावे. जर्मनीतील हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते, आपल्याकडे त्याच सुमारास परीक्षा आणि दिवाळीची सुटी असते. लेखनसंकलन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकणे सोयीचे.

लेखकत्वाचा प्रश्न मात्र सोयीने मागे ढकलू नये. वर्गात शिकवणारे, बहुधा तासिका तत्त्वावर काम करणारे शिक्षक निबंध जमवतात, खुणा करतात, आणि शोधनिबंधात त्यांची बोळवण आभाराच्या ओळीत होते. हे अन्यायाचे आहेच, शिवाय संशोधनालाही मारक आहे, कारण विद्यार्थी असे का लिहितो याचा सर्वांत चांगला अंदाज त्यांनाच असतो. खुणा करण्याच्या तासांचे मानधन, नियमपुस्तिका लिहिणाऱ्यांचे सहलेखकत्व आणि संग्रह वापरण्याचा भारतीय संस्थांचा समान हक्क ही तिन्ही कलमे कराराच्या मसुद्यात शब्दशः असावीत, आणि त्या शिक्षकांनी मसुदा वाचल्याशिवाय तो सहीसाठी पुढे पाठवू नये.