माळावरची चराई आणि पक्षी: या चुका टाळा

दर पावसाळ्यात नवीन पोरं येतात, गळ्यात कॅमेरा, आणि मेंढरं दिसली की ठरलेलं वाक्य, "यांना आधी हाकला." ही सगळ्यात मोठी चूक, मी पण केलीये.

सोलापूरकडे एका माळावर आम्ही हट्टाने चराई पूर्ण बंद करायला लावली. पहिल्या वर्षी गवत झकास, फोटो टाकले, लाइक्स आले. तिसऱ्या वर्षी गवत कमरेला, खाली जुन्या वाळक्या काड्यांची गादी, आणि धाविक गायब. पळत पळत किडे टिपणारा पक्षी तो, त्या गादीत पळणार कुठे? बांधापलीकडे धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, नुकताच उठून गेला होता, तिथे लेंड्यांमध्ये चार धाविक मजेत, लेंड्यांवर किडे येतात ना. एक मामा म्हणाले, "गवात राखलं, पाखरू घालवलं." काय बोलणार.

म्हणून बारा महिने रान मोकळं सोडा असंही नाही. तणमोर हा माळावरचाच पक्षी, त्याचा नर पावसाळ्यात गवतातून उड्या मारतो, त्याला दडायला गवत हवं. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुतेक एकच अंडं घालते, ते कळपाच्या पायाखाली गेलं की तिचा तो सीझन संपलाच म्हणा. मी सांगतो ते साधं: जून ते सप्टेंबर एक तुकडा राखा, शेजारचा चरू द्या, पुढच्या वर्षी अदलाबदल, दिवाळीनंतर राखलेल्यातही मेंढरं. कुठला तुकडा ते धनगरांना विचारून, नकाशा बघून नाही.

एका चकरेत "इथे चराई जास्त" असा रिपोर्ट लिहू नका. मी आधी मोजे बघतो. मोजे कुसळांनी भरले तर बहुतेक पवन्या, मारवेल ही चाऱ्याची गवतं चरून संपलीयेत, कुसळी गवतच राहिलंय.

झाडं लावू नका!! माळ म्हणजे पडीक नाही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गिरिपुष्पाची झाडं लावली, मग तीच काढायची वेळ आली. माळढोकाला लांबवर दिसायला हवं, आणि झाडावर बसून अंड्यावर नजर ठेवणारा कावळा काय कमी आहे का.

अभयारण्य नुसतं कागदावर मोठं करून भागत नाही, हेच माळढोक अभयारण्य १९७९ ला ८,४९६ चौ. किमी जाहीर झालं, आत गावंच्या गावं, शेवटी १,२२२ वर आणावं लागलं.

मोकाट कुत्र्यांनी केलेलं नुकसान मेंढरांच्या खात्यावर टाकू नका.

ड्रोन घरी ठेवा.