विमानप्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

पोरगं लंडनला निघालं की गावाकडं पहिला प्रश्न असतो, पोहोचणार कधी? तिकीट पाहताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: सुटण्याची वेळ निघायच्या गावच्या घड्याळाची असते, उतरण्याची वेळ उतरायच्या गावच्या. मुंबईहून दुपारी २ ला निघून लंडनला संध्याकाळी ६.३० ला पोहोचणार असं छापलेलं असेल, तर प्रवास साडेचार तासांचा नाही. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागं असतं, म्हणजे प्रवास १० तासांचा. उन्हाळ्यात तिथं घड्याळ एक तास पुढं करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा धरा.

अंतरावरूनही अंदाज येतो. मुंबई–लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. मोठं विमान उंचावर तासाला ९०० च्या आसपास जातं, म्हणजे आठ तास. त्याशिवाय चढ-उतार, वळसे आणि समोरचा वारा यांचा वेळ धरा. उंचावर जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतात, म्हणून येताना बहुधा कमी वेळ लागतो.

आपल्याकडच्या माणसाची खरी कसरत मात्र जमिनीवर असते. यवतमाळ-गडचिरोलीकडून नागपूर विमानतळ गाठायलाच तीन-चार तास जातात, आणि परदेशी विमानासाठी तीन तास आधी हजर राहावं लागतं. नागपूर–मुंबई विमान दीड तासाचं असलं तरी दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर मध्ये किमान पाच-सहा तास ठेवाच. पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच मुंबई गाठलेली बरी.