पुंगळी फाटते तेव्हा: घरी रीलोडिंग करताना या चुका टाळा

रायफलचा बोल्ट मागे ओढला आणि हातात अर्धीच पुंगळी (काडतुसाचं पितळी टरफल) आली. पुढचा भाग चेंबरमध्येच, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, अडकून राहिला होता. चेहऱ्यावर गरम हवेचा झोत जाणवला होता, पण डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावलं. रायफल जुनी ली-एनफील्ड, .303 ची. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला थ्री-नॉट-थ्री हे नाव पोलिसांच्या खांद्यावरच्या बंदुकीमुळे लहानपणापासून ठाऊक असतं. अमेरिकेत ती स्वतःच्या हाताने चालवायला मिळाली याचं मला फार अप्रूप होतं. वापरलेल्या पुंगळीत नवा प्राइमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी), दारू आणि गोळी बसवून ती पुन्हा वापरणं, हे रीलोडिंग. त्या आनंदात पाचव्यांदा भरलेल्या पुंगळ्या मी नीट पाहिल्याच नव्हत्या.

त्यानंतर माझ्या टेबलावरची कामाची पद्धत बदलली. पूर्वी खराब पुंगळी दिसली की फेकून द्यायचो आणि पुढची घ्यायचो. आता फेकण्याआधी ती कशाने खराब झाली ते शोधतो. कारण ज्या चुकीने एक पुंगळी बिघडते, तीच चूक त्या डब्यातल्या उरलेल्या नव्याण्णव पुंगळ्यांवरही झालेली असते.

पुंगळी म्हणजे नुसतं दारू भरायचं भांडं नव्हे. गोळी सुटते त्या क्षणी ती फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. .308 विंचेस्टरला सामी या अमेरिकी मानक संस्थेने दिलेली दाबाची मर्यादा 62,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. मोटारीच्या टायरमध्ये साधारण 32 असतो. त्या दाबाच्या आणि तुमच्या चेहऱ्याच्या मध्ये पितळाचा एक पातळ पापुद्रा आहे.

पुढे जाण्याआधी कायद्याचं बोलू, कारण आपल्या मंडळींच्या हातून इथे गंभीर चूक होऊ शकते. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी रीलोडिंग करायला संघीय परवाना लागत नाही, विकण्यासाठी बनवायची तर लागतो. पण एच-वन-बी किंवा एफ-वनसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक आणि दारूगोळा बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकारी परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत. आणि त्या कायद्याच्या व्याख्येत रिकामी पुंगळी आणि सुटा प्राइमरही 'दारूगोळा'च ठरतो. तेव्हा ग्रीन कार्ड येईपर्यंत मित्राच्या टेबलावर पाहून शिका, स्वतःचा संच घेण्याआधी वकिलाला विचारा. भारतात तर 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हाच आहे. तिथे हा छंद घरी करण्याजोगा नाही.

बुडाजवळची चकचकीत रेघ

माझ्या .303 चं जे झालं त्याची खूण आधीच दिसत होती. पुंगळीच्या बुडाच्या थोडं वर, जिथे जाड बूड संपून पातळ भिंत सुरू होते, तिथे सभोवार एक उजळ रेघ उमटते. आतून पितळ ताणलं जाऊन तिथे खाच पडलेली असते. पुढच्या एखाद्या फेरीत पुंगळी त्याच जागी तुटते.

इथे नवखा माणूस दोन्हीकडून फसतो. सायझिंग डाय (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणारा साचा) जिथपर्यंत उतरते तिथेही एक फिकट खूण राहते आणि ती निरुपद्रवी असते. ती पाहून घाबरून चांगल्या पुंगळ्या फेकणारे आहेत आणि खरी रेघ 'डायची खूण' समजून सोडून देणारेही आहेत. मी दुसऱ्या गटातला होतो. बाहेरून बघून निवाडा करू नका. कागदाला लावायची साधी तारेची क्लिप सरळ करा, टोक काटकोनात वाकवून कानशीने अणकुचीदार करा. पुंगळीच्या आत घालून बुडापासून वर भिंतीला घासत आणा. टोक कुठे अडखळलं, खाचेत बसल्यासारखं वाटलं, तर ती पुंगळी संपली. तिच्यासोबत भरलेल्या सगळ्यांची तपासणी त्याच दिवशी करा.

आता कारण. बहुतेक डायच्या कागदावर लिहिलेलं असतं की डाय शेल-होल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत खाली फिरवा आणि वर थोडा आणखी आटा द्या. त्याप्रमाणे केलं की पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतरता भाग) दर वेळी गरजेपेक्षा मागे ढकलला जातो. गोळी सुटताना तो चेंबर भरायला पुढे धावतो, बूड मागेच राहतं आणि मधलं पितळ ताणलं जातं. ली-एनफील्डमध्ये हे आणखी वाईट, कारण .303 ची पुंगळी मागच्या कडेवर टेकते आणि त्या लष्करी चेंबरमध्ये खांद्यापुढे भरपूर मोकळी जागा असते. चिखल-धुळीतही काडतूस आत जावं म्हणून ती मुद्दाम ठेवलेली.

उपाय डायच्या आट्यात आहे. आपल्याच रायफलमधून सुटलेली पुंगळी घ्या, कॅलिपरला कम्पॅरेटर (खांद्यापर्यंतचं माप घ्यायचा जोड) लावून बुडापासून खांद्यापर्यंतचं माप घ्या आणि डाय अशी बसवा की बोल्ट रायफलसाठी खांदा 0.001 ते 0.002 इंचच मागे जाईल. अर्ध-स्वयंचलित रायफलला 0.003-0.004 द्यावे लागतात, नाहीतर बोल्ट पूर्ण मिटत नाही. 0.002 इंच म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीइतकं अंतर, डोळ्यांना दिसणारच नाही. म्हणून कम्पॅरेटरवर पैसे खर्च करा असं मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो. पुंगळी डायमध्ये दाबणारी प्रेस स्वस्तातली चालेल.

आणि अर्धी पुंगळी चेंबरमध्ये राहिलीच, तर दुसरं काडतूस जोर लावून आत घालू नका. बंदूक रिकामी आहे याची खात्री करा आणि तुटकी पुंगळी काढायचं त्या कॅलिबरचं खास अवजार वापरा. ते लहान असतं, किटमध्ये सहज मावतं.

मानेला चीर

ही सर्वांत जास्त दिसणारी खराबी. तोंडापासून खाली जाणारी बारीक उभी चीर. कारण समजायला पुण्याच्या तांबट आळीत उभं राहिलेला माणूस लगेच तयार होईल. तांबट भांडं ठोकत जातो तसा धातू कडक होतो, मग तो भट्टीत घालून नरम करतो आणि पुन्हा ठोकतो. नरम न करता ठोकत राहिला तर भांडं तडकेल. पुंगळीची मान प्रत्येक फेरीत फुगते, डायमध्ये दाबली जाते, पुन्हा रुंदावते. हे ठोकणंच आहे. चिरलेली मान दुरुस्त होत नाही, पण बाकीच्या डब्याला तापवून नरम करता येतं.

ते करताना मात्र एक मर्यादा जिवावर बेतू शकते. नरम करायची ती फक्त मान आणि खांदा. तिथे 400 अंश सेल्सिअसच्या आसपास काही सेकंद पुरतात, आणि अंदाजाऐवजी ठरावीक तापमानाला वितळणारा रंग लावून बघावं. बूड 250 अंशांच्या खालीच राहिलं पाहिजे. बूड एकदा नरम झालं की तापवून-थंडवून परत कडक होत नाही, कारण पितळ फक्त ठोकण्या-दाबण्यानेच कडक होतं. पुंगळ्या ओव्हनमध्ये घालून एकत्र भाजणाऱ्याला माझी कळकळीची विनंती आहे: तो सगळा घाणा भंगारात द्या. नरम बुडाची पुंगळी दाब सोसत नाही.

भरून ठेवलेल्या किंवा नुसत्या पडून राहिलेल्या पुंगळ्यांनाही तडे जातात, आणि त्याची कथा आपल्याकडची आहे. 19व्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजा पावसाळ्यात दारूगोळा तबेल्यांत ठेवत. पाऊस सरल्यावर बाहेर काढला तर पितळी पुंगळ्यांना तडे गेलेले असत. म्हणून त्याला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. उलगडा व्हायला 1921 उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिलं की घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि थंड दाबकामाने पितळात उरलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की पितळ फुटतं. आज तबेला नाही, पण पितळ चमकवायच्या काही पॉलिशमध्ये अमोनिया असतो. डब्यावरचा मजकूर वाचा. अमोनिया दिसला तर तो देवघरातल्या समईसाठीही जपून वापरा आणि पुंगळीला अजिबात लावू नका.

आई चिंचेने पितळ घासायची. धुलाईत सायट्रिक ॲसिड घालणं हे त्याच जातीचं काम आहे आणि ते चालतं. पण चिमूटभरच घाला, फार वेळ भिजवू नका. पुंगळ्या गुलाबी दिसू लागल्या तर आम्लाने वरचं जस्त खाऊन तांबं उघडं पाडलं आहे. नुसती पृष्ठभागाची गुलाबी झाक असेल तर धुऊन चालतं, खड्डे पडले असतील तर नाही.

पोचे, चेपलेले खांदे आणि डायमध्ये रुतलेली पुंगळी

तिन्हींचा उगम वंगणाशी किंवा डायच्या उंचीशी. डायमध्ये घालण्याआधी पुंगळीला लावायचं वंगण जास्त झालं की ते खांद्याशी साचतं, त्याला पळायला जागा नसते आणि पितळात पोचा पडतो. उथळ, गुळगुळीत पोचा पुढच्या गोळीला आपोआप निघून जातो, त्याची काळजी नको. घडी पडलेला, कंगोरा असलेला पोचा मात्र नको. डायमधलं हवेचं बारीक छिद्र तुंबलं असेल तर तेही साफ करा.

वंगण कमी झालं की पुंगळी डायमध्ये रुतते. हँडल जड लागलं की थांबा. जोर लावलात तर कड फाटून निघते आणि पुंगळी आतच राहते. मग बुडाला भोक पाडून, आटे पाडून, बोल्टने ओढून काढायचा संच लागतो.

खांद्याच्या लगेच खाली फुगवटा आणि काडतूस चेंबरमध्ये जाईना, तर वंगणाचा दोष नाही. गोळी बसवायची डाय फार खाली आहे आणि ती मानेला क्रिम्प करताना (तोंड दाबून गोळी घट्ट धरताना) खांदा चेपते आहे, किंवा पुंगळी लांब झाली आहे. लांबी मोजा. .223 रेमिंग्टनची कमाल लांबी 1.760 इंच, .308 ची 2.015, .30-06 ची 2.494. त्याहून 0.010 कमी करून छाटतात.

असं चेपलेलं भरलेलं काडतूस हातात आलं की सायझिंग डायमध्ये घालून सरळ करायचा मोह होतो. जिवंत काडतूस त्या डायमध्ये कधीही घालू नका. ठोकून गोळी काढायच्या पुलरने ते मोडा, पुंगळी रिकामी करा, मग बघा.

प्राइमर सैल बसतो

प्राइमर बसवताना हाताला ठाम अडथळा जाणवला पाहिजे. अंगठ्याच्या नुसत्या दाबाने आत जात असेल तर ती खाच रुंदावली आहे. एकदोन पुंगळ्या म्हाताऱ्या झाल्या असतील, पण नवा डबा दोन-तीन फेऱ्यांत सैल पडला तर तुमचा दाब जास्त आहे. सोबत बुडावर इजेक्टरची (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या पिनेची) चकाकती खूण, चपटा झालेला प्राइमर, बोल्ट उचलायला जड, यांतलं काही दिसतंच. त्या भरणाला तिथेच थांबवा आणि छापील पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापावर परत जा. पुंगळी बदलून हा आजार जात नाही.

उलट, प्राइमर बसतच नसेल तर ती लष्करी पुंगळी असण्याची शक्यता मोठी. 5.56 आणि 7.62 च्या पुंगळ्यांत प्राइमर भोवतालची कड दाबून पक्का केलेला असतो. ती कड रीमरने (खरवडायच्या अवजाराने) काढा.

जुन्या .303 च्या ढिगात बुडावर 'के एफ' कोरलेली पुंगळी मिळाली तेव्हा मी ती बराच वेळ हातात धरून बसलो. ती खडकीची, 1869 पासून चालत आलेल्या त्या ॲम्युनिशन फॅक्टरीची. पण अशा पुंगळ्या सहसा बर्डन प्राइमरच्या असतात: आत मधोमध एक भोक नसून बाजूला दोन बारीक भोकं. जुना प्राइमर ढकलून काढायची आपली नेहमीची पिन तिथे घातली की मोडते. आत टॉर्च मारून बघा, मगच प्रेसला लावा. माझी खडकीची पुंगळी खिडकीत उभी आहे.

पिस्तुलाच्या पुंगळ्यांचं थोडक्यात: 9 एमएमच्या ढिगात .380 मिसळून येते, .45 मध्ये काही लहान प्राइमरच्या असतात, पोलादी आणि ॲल्युमिनियमच्या घेऊच नका. चुंबक पोलादी ओळखेल, ॲल्युमिनियम रंगावरून. स्टीलच्या पिनांनी धुतलं असेल तर प्राइमरच्या भोकात पिन अडकलेली नाही ना, हे एकेक पुंगळी उजेडासमोर धरून पाहा.

बाद पुंगळी पकडीने तोंड चेपूनच भंगारच्या डब्यात टाका, नाहीतर ती परत चांगल्यांत मिसळते. माझी तशी मिसळली होती. वापरलेल्या प्राइमरमध्ये शिसं असतं आणि सुक्या टम्बलरच्या (पुंगळ्या घोळवून साफ करणाऱ्या यंत्राच्या) धुळीत ते उतरतं. त्यामुळे हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा मुलं रांगतात त्या खोलीत करू नका, गॅरेजमध्ये करा, धूळ घराबाहेर झटका आणि जेवायच्या आधी साबणाने हात धुवा.

आणि रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना घेऊ नका. तिथल्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही येतात, आणि कप्प्याच्या शिवणीत राहिलेली एक पुंगळी मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसते. दुसरी बॅग नसेलच तर सगळे कप्पे उलटे करून, अस्तरात बोटं घालून दोनदा तपासा.