लग्नघरात आजारी कुत्रा असेल तर या चुका टाळा

लग्न ठरलं की याद्या होतात. मानपान, बस्ता, कार्यालय, आचारी, रुखवत, सगळं कागदावर येतं. त्याच घरात बारा-तेरा वर्षांचा शेरू किडनीच्या आजाराने थकून कोपऱ्यात पडलेला असतो आणि त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. "तेव्हाचं तेव्हा बघू" म्हणून विषय टळतो. जे यादीत नाही, ते कुणाच्याच अंगावर नसतं. मग ऐन हळदीच्या सकाळी लक्षात येतं की कालची गोळी कुणीच दिलेली नाही.

सासरी न सांगणं

"कुत्र्यापायी एवढं काय?" असं कुणी म्हणेल या भीतीने मुली गप्प बसतात. मग केळवणं टळतात, खरेदीला उशीर होतो आणि समोरच्यांना वाटतं, हिला आमच्याकडे यायचंच नाही. त्यापेक्षा सरळ सांगा: "काकू, शेरूला रोज रात्री नऊला सलाईन लावावं लागतं, ते मीच लावते. केळवणाला रात्रीऐवजी दुपारी आलो तर चालेल का?" वेळ आणि काम नेमकं सांगितलं की बहुतेक माणसं समजून घेतात. नुसतं "टेन्शन आहे" म्हटलं तर कुणालाच काही कळत नाही. होणाऱ्या नवऱ्याने एकदा तरी सलाईन लावताना शेजारी बसावं, असं मला मनापासून वाटतं.

सगळी शुश्रूषा एकाच माणसाकडे ठेवणं

ते माणूस बहुतेक वेळा नवरी किंवा नवरदेवच असतं. पाठवणीनंतर नवरी त्या घरात नसणार, हे माहीत असूनही आई-बाबांना सुई लावायला शिकवायचं राहून जातं. निदान महिनाभर आधी सुरुवात करा, पहिल्यांदा डॉक्टरांसमोर.

त्वचेखाली सलाईन देणं अवघड नाही, पण हाताला सवय लागते. रिंगर लॅक्टेटची, म्हणजे या सलाईनची, बाटली कोमट पाण्यात ठेवून जरा ऊबदार करायची, खिडकीच्या गजाला किंवा पडद्याच्या दांडीला अडकवायची. दोन्ही खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखी उभी राहते, सुई त्या पोकळीत जाते. नंतर तिथे मऊ टेंगूळ येतं, कधी ते घरंगळत पुढच्या पायापर्यंत उतरतं आणि काही तासांत जिरतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर आत्याबाई "पाय सुजला!" म्हणून घर डोक्यावर घेतात. सलाईन किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. हृदयाचा त्रास असेल तर त्यांना विचारल्याशिवाय एक थेंबही नको.

तो फक्त तुमच्याच हातून खात असेल, तर भरवणारा हातही आतापासून बदला. गोळ्यांचा तक्ता फ्रिजवर लावा आणि देणाऱ्याने खूण करायची, म्हणजे एकच गोळी दोघांकडून दिली जात नाही.

पाणी कमी करणं

ही चूक सर्वांत घातक, आणि ती चांगली माणसं करतात. किडनी बिघडलेला कुत्रा खूप पाणी पितो आणि खूप लघवी करतो, कारण किडनीला लघवी दाट करता येत नाही. पाहुण्यांसमोर घरात घाण नको म्हणून कुणीतरी वाटी उचलून ठेवतं. पाणी तोडलं तरी लघवी होतच राहते, शरीर सुकतं आणि उरलीसुरली किडनीही धोक्यात येते. वाटी भरलेलीच हवी. शोषणारे पॅड अंथरा, बाहेर नेण्याच्या फेऱ्या वाढवा, एखाद्या भाच्याला ते काम द्या.

लग्नघरातलं खाणं

"घे रे, लग्नाचा लाडू आहे" असं म्हणत कुत्र्याला काहीबाही भरवणारी माणसं प्रत्येक वऱ्हाडात असतात. द्राक्षं, मनुका आणि बेदाणे कुत्र्याची किडनी एकाएकी निकामी करू शकतात. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल हे त्याचं कारण असावं असं आता मानलं जातं. ते चिंचेतही असतं. म्हणजे बेदाणे घातलेला शिरा, लाडू, मसालेभात आणि चिंचेची आमटी, सगळं बंद. कांदा, लसूण आणि चॉकलेटही नको. त्याच्या गळ्यातच चिठ्ठी बांधा: "मी आजारी आहे, मला काही देऊ नका." लोक ती वाचतात आणि ऐकतात.

पाहुण्यांच्या पर्समधल्या वेदनाशामक गोळ्यांचंही तेच. आयबुप्रोफेन कुत्र्याला घातक आहे, पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेततं. घरी मांजर असेल तर सजावटीत लिली नकोच. तिचे परागही मांजराची किडनी घालवतात.

बँड, फटाके आणि पहिल्यांदाच बोर्डिंग

आजारी प्राण्याला लग्नाच्या आठवड्यात अनोळखी बोर्डिंगमध्ये ठेवू नका. तिथे तो खाणं सोडतो. ओळखीच्या शेजाऱ्यांचं शांत घर बरं. शांत ठेवण्याचं औषध डॉक्टरांनी दिलं असेल, तर त्याचा पहिला डोस हळदीच्या दिवशी नको. आधी एका साध्या दिवशी देऊन बघा, कारण किडनीच्या रुग्णात औषध अंगात जास्त वेळ राहू शकतं.

रात्री उघडा असणारा दवाखाना आत्ताच शोधा. मुंबईत परळचं बैलघोडा हे प्राण्यांचं रुग्णालय सगळ्यांना ठाऊक असतं, पण तुमचं कार्यालय बदलापूरला असेल तर जवळचा नंबर हवा.

तारीख अंदाजाने हलवणं

किडनीने बाहेर टाकायचं क्रिएटिनिन रक्तात वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं बरंचसं काम गेलेलं असतं. म्हणून एका रिपोर्टवरून मुहूर्त ठरवू नका. डॉक्टरांना सरळ विचारा: आठवड्यांचा प्रश्न आहे की महिन्यांचा? लग्न पुढे ढकलून कुत्र्याच्या जाण्याची वाट बघत बसणं फार जड जातं. त्यापेक्षा अलीकडे आणावं, असं माझं मत. विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे नोटीस दिल्यावर 30 दिवसांनी नोंदणी पद्धतीने लग्न करता येतं आणि ती नोटीस 3 महिने चालते. सही करून या, घरी त्याच्याजवळ बसून पेढा खा, विधी नंतर सावकाश करा.

शेवटाचं न बोलणं

खाणं पूर्ण थांबलं, उठता येईना, उलट्या थांबेनात, तर डॉक्टरांच्या इंजेक्शनने शांतपणे निरोप देण्याचा निर्णय कुणी घ्यायचा? नवरी बोहल्यावर असेल तर कुणी? हे आधी ठरवा. अंत्यसंस्काराची सोय कुठे आहे तेही यादीत लिहा. मुंबईत मालाडला महापालिकेची प्राण्यांसाठी दहनाची सोय आहे. सुतकाची शंका कुणी काढलीच तर सांगा, सुतक नात्यातल्या माणसांचं धरतात. लग्न अडत नाही.

आणि नवरीला आधीच विचारून ठेवा, "त्या दिवशी काही झालं, तर तुला लगेच सांगू की मंगलाष्टकं झाल्यावर?" ती जे म्हणेल ते पाळा. तिच्या भल्यासाठी म्हणून चार दिवस लपवू नका. सत्यनारायणाच्या पूजेनंतर पहिल्यांदा माहेरी आल्यावरच तिला ते कळावं, अशी वेळ आणू नका.