बुटीक हॉटेल सुरू करण्याआधी स्पर्धकांचा अभ्यास कसा कराल?

बुटीक हॉटेल म्हणजे मोजक्या खोल्यांचं, स्वतःची खास शैली असलेलं छोटं हॉटेल. आपल्या जागेजवळची, साधारण आपल्याएवढ्याच खोल्यांची पाच-सहा हॉटेलं निवडा. त्यातल्या निदान दोन ठिकाणी पैसे भरून राहा, एकदा आठवड्याच्या मधल्या वारी आणि एकदा शनिवारी. सोबत मेजर टेप ठेवा. पलंग आणि भिंत यांत किती अंतर आहे, उशीजवळ प्लग पॉइंट आहे का, नळ सोडल्यावर गरम पाणी किती सेकंदांत येतं, रात्री अकराला कॉरिडॉरमधला आवाज आत येतो का, हे सगळं तिथल्या तिथे लिहून काढा. फोटोत सुंदर दिसणारी खोली बहुतेक वेळा आवाजात आणि बाथरूमच्या निचऱ्यात मार खाते. चादरी कुठे ठेवतात तेही पाहा. नवे मालक हमखास विसरतात ती लिननची खोलीच.

दरांसाठी पुढच्या 60 दिवसांचे भाव दर सोमवारी एका तक्त्यात उतरवा. मात्र बुकिंग साइटवर ‘खोली उपलब्ध नाही’ दिसलं म्हणजे हॉटेल भरलंच असं धरू नका. मालकाने त्या साइटवरच्या खोल्या बंद केलेल्या असू शकतात. खात्री फोन करूनच होते.

तुलना नुसत्या भाड्यावर करू नका. सरासरी भाडं 100 आणि भरलेल्या खोल्या 60 टक्के, तर भरलेल्या-रिकाम्या सगळ्या खोल्या धरून प्रत्येक खोलीमागे उत्पन्न 60. त्यातून साइटवरून आलेल्या बुकिंगचं कमिशन वजा करा.

अभिप्राय वाचताना पाहुण्यांनी पाचपैकी तीन तारे दिलेले आधी वाचा. खऱ्या तक्रारी तिथेच तपशिलात सापडतात.